प्रतिद्रव्यावर चालणारं यान : इंधन किती, ऊर्जा किती आणि वजन नेमकं कुठे वाढतं? (चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं नाव)

अपसूर्य

प्रतिद्रव्याचा विषय निघाला की "एक ग्रॅम म्हणजे ४३ किलोटन टीएनटी" एवढं सांगून चर्चा थांबते. आकडा बरोबर आहे. प्रतिद्रव्य साध्या द्रव्याला भिडलं की दोन्ही नाहीसे होऊन ऊर्जा सुटते; १ ग्रॅम प्रतिद्रव्य आणि १ ग्रॅम साधं द्रव्य मिळून १.८ × १०^१४ जूल निघतात. पण त्यावरून यानाबद्दल काहीच ठरत नाही. म्हणून एक ठरावीक उदाहरण घेऊन हिशेब मांडू या.

इंधन वगळून १ टन वस्तुमानाचं यान. वेग प्रकाशवेगाच्या १०%. पलीकडे पोचल्यावर थांबायचं नाही, नुसतं जवळून जायचं.

या वेगाला १ टनाची गतिज ऊर्जा ४.५ × १०^१७ जूल, म्हणजे साधारण १२६ अब्ज युनिट वीज. ऐकायला प्रचंड वाटतं, पण सगळं जग वर्षाला सुमारे ६ × १०^२० जूल ऊर्जा वापरतं. त्याच्या हजाराव्या भागापेक्षाही ही कमीच. १००% कार्यक्षमता धरली तर अडीच किलो प्रतिद्रव्य पुरेल.

आता खरे आकडे काढू. प्रत्यक्षात किती लागेल, ते ठेवायचं कशात आणि त्या ठेवणाऱ्या वस्तूचं वजन किती? पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा प्रतिकण) सध्या बाजूला ठेवू, प्रतिप्रोटॉनबद्दलच (प्रोटॉनच्या प्रतिकणाबद्दलच) बोलू. पॉझिट्रॉनपासून नुसते ५११ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टचे गॅमा किरण निघतात आणि ते चुंबकाने वळत नाहीत. टंगस्टनचा ठोकळा तापवायला ते उत्तम, ताऱ्यांकडे जायला निरुपयोगी.

घनमूळ

सुरुवात इंजिनापासून. प्रोटॉन आणि प्रतिप्रोटॉन भिडले की लगेच सगळे गॅमा किरण निघतात, हा सर्रास गैरसमज आहे. आधी पायॉन नावाचे अल्पायुषी कण निघतात. सरासरी तीन विद्युतभारित आणि दोन उदासीन. एकूण ऊर्जा १८७६ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट). तिची वाटणी साधारण अशी:

उदासीन पायॉन : ३८%. यांचं आयुष्य १०^-१६ सेकंदापेक्षा कमी. जागच्या जागी प्रत्येकाचे दोन गॅमा होतात. रेट्याच्या दृष्टीने हा भाग गेला.

भारित पायॉनची गतिज ऊर्जा : ४०%. कामाची गोष्ट एवढीच.

भारित पायॉनचं स्थिर वस्तुमान : २२%. एक्झॉस्टबरोबर, म्हणजे मागे फेकल्या जाणाऱ्या झोताबरोबर, वाहून जातं.

भारित पायॉन प्रकाशवेगाच्या ९३-९४% वेगाने सुटतो आणि विघटन होण्याआधी सरासरी २० मीटर जातो. त्याचा संवेग ३६० एमईव्हीच्या आसपास, म्हणून १० टेस्लाच्या क्षेत्रात त्याच्या वर्तुळाची त्रिज्या १२ सेंटिमीटर. थोडक्यात, मीटर-दीड मीटरच्या चुंबकीय नॉझलने तो वळवता येतो. इंजिनाचा हा भाग लोकांना वाटतो तेवढा अशक्य नाही.

पायॉन मात्र सगळ्या दिशांना सुटतात. नॉझलने सगळे अगदी सरळ मागे वळवले असं धरलं, तरी तीन पायॉनचा मिळून संवेग सुमारे १०९० आणि खर्च झालेलं वस्तुमान १८७६. म्हणजे एक्झॉस्टचा परिणामी वेग प्रकाशवेगाच्या ०.५८ पटीच्या वर जाऊच शकत नाही. नॉझलमधली गळती धरली की ०.३३ पट हा सावध आकडा. कीन आणि झांग यांनी २०१२ मध्ये सर्न या युरोपीय कण-प्रयोगशाळेच्या जीअँट-४ प्रणालीवर नॉझलचं सिम्युलेशन करून ०.६९ पट काढला होता, तो सगळीकडे फिरतो. तो भारित पायॉनचा वेग आहे. गॅमाच्या रूपाने वाया जाणारं वस्तुमान त्यात धरलेलं नाही, म्हणून यानाच्या हिशेबात तो तसाच वापरू नका.

तिर्यक

०.३३ पट घेतला तर अपसूर्य यांच्या १ टनाच्या यानाला वस्तुमान गुणोत्तर (इंधनासकट वस्तुमान भागिले इंधनाविना वस्तुमान) १.३५५. इंधन ३५५ किलो, त्यातलं निम्मं म्हणजे १७८ किलो प्रतिद्रव्य. अडीच किलोचे १७८ झाले!

कारण उघड आहे. एक्झॉस्टचा वेग गरजेपेक्षा फार जास्त आहे आणि जवळजवळ सगळी ऊर्जा एक्झॉस्टबरोबर निघून जाते. वेग १०% हवा असताना ३३ टक्क्यांचा फवारा मारणं ही उधळपट्टी आहे. उपाय जुना आहे : प्रतिद्रव्य थोडं वापरा, त्याने भरपूर हायड्रोजन तापवा आणि तो बाहेर फेका.

यानाच्या गतिज ऊर्जेच्या किती पट ऊर्जा एक्झॉस्टला द्यावी लागते, ते फक्त गुणोत्तरावर अवलंबून असतं (गुणोत्तर वजा १, भागिले त्याच्या नैसर्गिक लॉगॅरिदमचा वर्ग):

गुणोत्तर १.५ : ३.०४ पट
२ : २.०८
३ : १.६६
४.९ : १.५४
१० : १.७०
२० : २.१२

सर्वांत कमी ४.९ ला. आणि हे यानाच्या वेगावर अवलंबून नाही. मंगळाला जा नाहीतर प्रकाशवेगाच्या १०% ने जा, टाकी यानाच्या चौपटच. वेग दुप्पट केला तर टाकी तेवढीच राहते, प्रतिद्रव्य मात्र चौपट होतं.

१ टन यान, १०% वेग, गुणोत्तर ४.९, इंजिनाची कार्यक्षमता ४०% : ३.९ टन हायड्रोजन आणि ९.६ किलो प्रतिद्रव्य. पलीकडे थांबायचं असेल तर एकूण वेगबदल दुप्पट, म्हणून ३८-३९ किलो.

व्यवहारात मी ४.९ न घेता ३ घेईन. प्रतिद्रव्य ७ टक्क्यांनीच वाढतं, हायड्रोजन ३.९ वरून २ टनांवर येतो. टाकीचं वजन, तिचं इन्सुलेशन, गळती, सगळं निम्म्यावर.

लंबन

मग निव्वळ पायॉनचं इंजिन कधी परवडतं?

तिर्यक

एक्झॉस्टचा सर्वांत फायद्याचा वेग म्हणजे हव्या असलेल्या वेगाच्या ६३%. यानाचा वेग प्रकाशाच्या निम्मा हवा असेल तर एक्झॉस्ट ०.३१ पट लागतो, आणि पायॉन इंजिन आपणहून तिथेच बसतं. त्याच्या खाली हायड्रोजन मिसळा, वर मिसळू नका. (इतक्या वेगाला हे सूत्र अंदाजापुरतंच, सापेक्षतेचं समीकरण वापरायला हवं.) निम्म्या प्रकाशवेगाला गुणोत्तर ५.३ येतं, म्हणजे १ टनामागे २ टनांहून थोडं जास्त प्रतिद्रव्य. थांबायचं असेल तर गुणोत्तर २८ आणि प्रतिद्रव्य साडेतेरा टन.

घनमूळ

@तिर्यक, गणित ठीक, पण ती ४०% कार्यक्षमता आणायची कुठून? पायॉनने आपली ऊर्जा हायड्रोजनला द्यायला हवी ना!

२५० एमईव्हीचा पायॉन हायड्रोजनमध्ये दर ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरला ४ एमईव्ही सोडतो. म्हणजे थांबायला वाटेत दर चौ. सेंमी.ला ६० ग्रॅम हायड्रोजन भरेल एवढी जाडी हवी. द्रवरूप हायड्रोजनमध्ये हे साडेआठ मीटर होतात. प्लाझ्मा तर त्याहून कितीतरी विरळ.

चुंबकीय बाटलीत (कणांना कोंडून ठेवणाऱ्या चुंबकीय क्षेत्रात) पायॉन गोल फिरत ठेवला, विघटन होऊन त्याचा म्युऑन हा दुसरा कण झाला आणि तोही फिरत ठेवला असं मानू. तो पावणेदोन किलोमीटर वाट चालेल. तेवढ्या वाटेत ६० ग्रॅमची जाडी भरायची तर दर घन सेंटिमीटरला २ × १०^२० हायड्रोजन अणू लागतात. तुमच्या ९.६ किलोच्या हिशेबात एक्झॉस्टचा वेग ०.०६३ पट आहे, म्हणजे प्रत्येक प्रोटॉनला सुमारे १.८५ एमईव्ही. या घनतेला आणि या ऊर्जेला दाब येतो ४ × १०^१३ पास्कल. १० टेस्लाचं क्षेत्र ४ × १०^७ पास्कल पेलतं. दहा लाख पटींचा फरक आहे.

तेव्हा अखंड चालणाऱ्या चुंबकीय बाटलीत ९.६ किलोचा आकडा गाठता येणार नाही. तो तळ समजा. १७८ किलो हे दुसरं टोक. स्फोटांच्या मालिकेने, गोळीगोळीने ऊर्जा देऊन मधे कुठेतरी पोचता येईल. तारकांतर प्रवासाचा कोणी एकच आकडा सांगितला तर त्याने कार्यक्षमता कशी धरली ते आधी विचारावं.

अपसूर्य

ग्रहांपर्यंतच्या प्रवासात मात्र हा प्रश्न येत नाही. टंगस्टनच्या घन गाभ्यात पायॉन आणि गॅमा दोन्ही शोषले जातात आणि त्यातून हायड्रोजन वाहत जातो. मर्यादा टंगस्टनच्या वितळण्याची, ३६९५ केल्विन. त्यामुळे एक्झॉस्ट सेकंदाला ९ किमीच्या आसपास. १०० टनांच्या यानाला ९ किमी/सेकंद वेगबदल द्यायचा तर १७२ टन हायड्रोजन आणि ५०% कार्यक्षमतेला ७७ मिलिग्रॅम प्रतिद्रव्य.

फक्त मिलिग्रॅम! पण टाकी होती तेवढीच राहिली. अणुभट्टीवरचं औष्णिक रॉकेट जवळजवळ हाच वेग देतं. एवढ्यासाठी प्रतिद्रव्य बनवणं मला पटत नाही.

शीतकक्ष

सगळे इंजिनात अडकलेत. खरी अडचण टाकीची आहे, आणि हायड्रोजनच्या नव्हे, प्रतिप्रोटॉनच्या.

भारित कण पेनिंग ट्रॅपमध्ये ठेवतात. कण अक्षापासून दूर जाऊ नयेत म्हणून चुंबकीय क्षेत्र, टोकांनी निसटू नयेत म्हणून विद्युत. कण एकमेकांना ढकलत असल्यामुळे घनतेला कमाल मर्यादा असते, तिला ब्रिलुआँ मर्यादा म्हणतात. ५ टेस्लाला ती दर घन सेंमीला ६.६ × १०^१० प्रतिप्रोटॉन. २० टेस्लाला १०^१२ च्या जरा वर.

या मर्यादेला प्रति घनमीटर कणांचं वस्तुमान गुणिले प्रकाशवेगाचा वर्ग काढून बघा. उत्तर बरोबर चुंबकीय क्षेत्राच्या ऊर्जा-घनतेइतकं येतं. योगायोग नाही, सूत्रंच तशी आहेत. म्हणजे ट्रॅपमधल्या प्रतिद्रव्याची ऊर्जा त्याच ट्रॅपच्या चुंबकात साठलेल्या ऊर्जेपेक्षा जास्त कधीच असू शकत नाही, क्षेत्र कितीही वाढवा.

आता चुंबक. क्षेत्र वेटोळ्यांना बाहेर ढकलतं, तो ताण पेलायला सामान लागतं. किमान वस्तुमान = ऊर्जा × सामानाची घनता ÷ तन्यबल. सर्वोत्तम कार्बन तंतूला किलोमागे ३ ते साडेतीन मेगाजूल. म्हणून १ किलो चुंबकामागे प्रतिद्रव्याची ऊर्जा ३ मेगाजूल, त्याच्याशी भिडणारं साधं द्रव्य धरून ६-७. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं मिश्रण किलोला १३ मेगाजूल देतं!

पेनिंग ट्रॅपसकट वजन केलं तर प्रतिद्रव्य हे रासायनिक इंधनापेक्षा हलक्या प्रतीचं इंधन आहे. १ ग्रॅम प्रतिप्रोटॉन २० टेस्लाला ठेवायचे तर ५.६ लाख घनमीटर जागा आणि किमान ३० हजार टन चुंबक. वरचे ९.६ किलो म्हणजे जवळपास ३० कोटी टन.

लंबन

मग उदासीन करा. प्रतिप्रोटॉनला पॉझिट्रॉन जोडून प्रतिहायड्रोजन बनवला की एकमेकांना ढकलणं संपलं.

शीतकक्ष

हो, ग्रॅमच्या पुढे तोच एक मार्ग आहे, आणि त्यातही वायू नको, बर्फ (गोठलेला प्रतिहायड्रोजन) हवा. सर्नच्या आल्फा गटाने प्रतिहायड्रोजनचे अणू २०१० मध्ये पकडले, २०११ मध्ये १००० सेकंद धरून ठेवले. पण ते सुटे अणू. तिथून बर्फापर्यंतची वाट अशी:

दोन अणूंचा रेणू होताना साडेचार इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा सुटते. ती कोणीतरी घेऊन जायला हवी. एरवी भांड्याची भिंत किंवा तिसरा अणू हे काम करतो. इथे भिंतीला लागलं की संपलं.

रेणू झाले तर त्यातले तीन-चतुर्थांश ऑर्थो प्रकारचे (दोन्ही केंद्रकांची फिरकी एकाच दिशेची) असतील. ते हळूहळू पॅरा (फिरकी विरुद्ध दिशेची) होतात आणि किलोमागे ५२७ किलोजूल उष्णता सोडतात. हायड्रोजनला उकळायला ४४६ पुरतात. साध्या हायड्रोजनच्या प्रकल्पात द्रवीकरण करतानाच आयर्न ऑक्साइडसारखा उत्प्रेरक वापरून हा बदल उरकून घेतात. प्रतिहायड्रोजनला उत्प्रेरकही प्रतिद्रव्याचाच लागेल.

बर्फ अधांतरी ठेवायचा. तो किंचित प्रतिचुंबकीय (चुंबकीय क्षेत्रापासून दूर ढकलला जाणारा) असल्याने क्षेत्राच्या उतारावर तरंगतो. १ जी (पृथ्वीच्या गुरुत्वाइतक्या) त्वरणाला क्षेत्र गुणिले उतार सुमारे ५०० टेस्ला वर्ग प्रति मीटर लागतो. यानाचं त्वरण शंभरावा भाग असेल तर ५ पुरतात, ते सोपं. तापमान मात्र १-२ केल्विनच्या वर जाऊ द्यायचं नाही. गोठणबिंदू १४ केल्विन असला तरी १० केल्विनला बर्फाची वाफ इतकी होते की ती भिंतीला लागत राहील, भिंत तापेल, बर्फ तापेल, वाफ वाढेल. हे चक्र सुरू झालं की थांबवायला हातात काही नाही.

एवढं जमलं तर टाकीचं वजन प्रतिद्रव्याच्या काही पट म्हणता येईल. नाही जमलं तर वरचे ३० कोटी टन.

घनमूळ

रेडिएटर राहिला. आणखी एक उदाहरण: १०० टनांचं यान, त्वरण ०.१ मीटर प्रति सेकंद वर्ग (१०% वेगाला साडेनऊ वर्षं). रेटा १० हजार न्यूटन. ०.३३ पट एक्झॉस्टला सेकंदाला ०.१ ग्रॅम द्रव्य-प्रतिद्रव्य जळतं, म्हणजे ९ टेरावॅट. जगाच्या एकूण ऊर्जावापराच्या निम्म्याला हा आकडा टेकतो.

त्यातले ३८%, म्हणजे ३.४ टेरावॅट गॅमा. बहुतेक अवकाशात जाऊ द्या. नॉझलचं चुंबक आणि त्यापुढची ढाल यांच्यावर १% जरी पडले तरी ३४ गिगावॅट उष्णता. १५०० केल्विनला दोन्ही बाजूंनी उष्णता फेकणारा रेडिएटर दर चौ. मीटरला ५७० किलोवॅट सोडतो. क्षेत्रफळ ६० हजार चौ. मीटर. चौ. मीटरला २ किलो असा फारच हलका धरला तरी १२० टन. यान १०० टनांचं होतं.

म्हणून त्वरण कमी ठेवावं लागतं, नाहीतर चुंबकाचं कडं बारीक करून यान गॅमाच्या उगमापासून लांब, टंगस्टनच्या ढालीच्या सावलीत ठेवावं लागतं. मधला सांगाडा शेकडो मीटर लांब करणं रेडिएटर वाढवण्यापेक्षा स्वस्त पडतं.

अपसूर्य

उत्पादनाचा हिशेब थोडक्यात. सर्नमध्ये २६ जीईव्हीचे (अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टचे) दीड × १०^१३ प्रोटॉन इरिडियमच्या लक्ष्यावर आदळतात आणि दर दोन मिनिटांच्या आत साधारण ३ कोटी प्रतिप्रोटॉन मंदकात, म्हणजे अँटीप्रोटॉन डिसेलरेटरमध्ये, हाती लागतात. आदळलेल्या झोताची ऊर्जा ६२ किलोजूल, मिळालेल्या प्रतिप्रोटॉनची साडेचार मिलिजूल. कार्यक्षमता ७ × १०^-८, आणि यात प्रवेगकाची वीज धरलेली नाही.

या गतीने १ ग्रॅम जमवायला ७ हजार कोटी वर्षं. वरच्या ९.६ किलोला नुसती झोताची ऊर्जाच जगाच्या २० हजार वर्षांच्या वापराइतकी. कार्यक्षमता १०^-४ पर्यंत नेली तर १४ वर्षांच्या. अर्थात ते यंत्र प्रयोगासाठी बांधलेलं आहे, कारखाना म्हणून नाही. ५०% ही मर्यादा कोणीच ओलांडू शकत नाही, कारण प्रत्येक प्रतिप्रोटॉनबरोबर एक प्रोटॉन बनतोच.

तिर्यक

मग ग्रॅमचा नाद सोडून नॅनोग्रॅमकडे या. प्रतिप्रोटॉन युरेनियमच्या केंद्रकात गेला की विखंडन (केंद्रक फुटणं) जवळजवळ हमखास होतं आणि नेहमीच्या दोन-तीनऐवजी पंधरा-सोळा न्यूट्रॉन निघतात. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या आयकॅन-२ यानाच्या आराखड्यात मंगळाच्या प्रवासाला १४० नॅनोग्रॅम धरले होते. ऊर्जा विखंडन आणि संमीलनातून येते, प्रतिद्रव्य नुसती काडी. १४० नॅनोग्रॅम म्हणजे ८.४ × १०^१६ प्रतिप्रोटॉन. २० टेस्लाला ८० लिटर. हे तरी ट्रॅपमध्ये मावेल ना?

शीतकक्ष

जागेत मावेल, व्होल्टेजमध्ये नाही. एवढ्या प्रतिप्रोटॉनचा विद्युतभार ०.०१३ कूलोम. ८० लिटरच्या गोळ्यात ठेवला तर मध्यभागी ६७ कोटी व्होल्ट. टोकाची झाकणं त्याहून जास्त व्होल्टेजवर ठेवायला हवीत.

उपाय म्हणजे लांब, बारीक नळ्या. एकाच सॉलेनॉइडच्या (तारेच्या लांब वेटोळ्याच्या) पोटात मीटरभर लांबीच्या हजार नळ्या, आत ५ मिलिमीटर त्रिज्येचा प्रतिप्रोटॉनचा दांडा. मध्य ते कडा १२० किलोव्होल्ट. चार हजार नळ्या केल्या तर ३०. मुळात ब्रिलुआँ मर्यादेला कोणी ट्रॅप चालवत नाही, थोडा असमतोल झाला की दांडा फुगतो. १% घनता धरा, म्हणजे ८० लिटरचे ८ हजार लिटर. व्होल्टेज फारसं बदलत नाही, ते लांबीमागच्या विद्युतभारावर ठरतं. चुंबकाचं वजन मात्र शंभर पट.

लंबन

चार हजारांतली एक नळी निकामी झाली तर?

शीतकक्ष

३५ पिकोग्रॅम, ६.३ किलोजूल. सगळा साठा एकदम गेला तरी २५ मेगाजूल, म्हणजे ६ किलो टीएनटी. स्फोटाची भीती नाही, भीती चुंबकाची आहे. त्या ६.३ किलोजूलमधले पाव जरी वेटोळ्यात शोषले गेले तर नायोबियम-टायटॅनियमची तार तात्काळ अतिवाहकता सोडेल, तिला घन सेंटिमीटरला काही मिलिजूल पुरतात. क्षेत्र कोसळलं की उरलेल्या ३९९९ नळ्याही रिकाम्या होतात. २० टेस्लाला ती तार तशीही चालत नाही, आरईबीसीओ या उच्च-तापमान अतिवाहकाची टेप लागते. ती २० केल्विनला चालवली तर धातूंची उष्णताधारकता ४ केल्विनपेक्षा कितीतरी जास्त असते, त्यामुळे एका नळीचा फटका ती सोसू शकेल. फक्त नळ्या मात्र ४ केल्विनलाच हव्यात, नाहीतर भिंतींवरचा वायू सुटून निर्वात बिघडतो. म्हणून दोघांच्या मधे वेगळं उष्णतारोधक कवच आणि दोन स्वतंत्र शीतयंत्रं धरूनच वजन काढा.